साखळदंडाचं पोस्टर: जनजागृती की दिशाभूल?

निशिगंध:
30 जुलै, मानवी तस्करीविरोधी दिन, आला की तीच पोस्टरं: साखळदंड, अंधारी खोली, रडणारी मुलगी. माझ्या मते ही चित्रं नुकसानच करतात. वेठीला धरलेला माणूस बहुतेकदा चारचौघांत, भर उजेडात राबत असतो. त्याला बांधतो तो हिशेब. समजा, उचल 100, व्याज दरमहा शेकडा 5. पगार 12 ठरला, त्यातून राहण्या-जेवणाचे 8 कापले. उरले 4, व्याज झालं 5. महिनाभर राबून कर्ज 101! त्यात पासपोर्ट ‘सांभाळायला’ मालकाकडे. साखळी हवी कशाला?

वाटसरू:
हिशेब पटला, निष्कर्ष नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 सालचा जगभरातला अंदाज 5 कोटी माणसांचा आहे: 2.8 कोटी सक्तीच्या मजुरीत, 2.2 कोटी सक्तीच्या लग्नात. लोकांची पावलं आधी थबकली तर पाहिजेत. व्याजाचं कोष्टक वाचायला भिंतीपाशी कोण थांबणार?

निशिगंध:
पण थांबलेला माणूस शिकतो काय? ‘हा मोबाइल वापरतो, बाजारात जातो, म्हणजे मोकळा आहे.’ नाहीतर, ‘स्वतःच्या पायांनी आलाय ना?’ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरोधी, 2000 च्या पालेर्मो करारानुसार फसवून किंवा धाकाने मिळवलेली संमती धरलीच जात नाही. 18 वर्षांखालच्या मुलांबाबत तर फसवणूक किंवा बळजबरी झाली, हे दाखवायचीही गरज नसते.

करडई:
मला दोघांचंही पटत नाही. ‘खुणा ओळखा’ हे सामान्य माणसाला सांगणंच धोक्याचं आहे. मुकादमासमोर ‘तुला डांबून ठेवलंय का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही’च येणार आणि रातोरात माणसं दुसरीकडे हलवली जाणार. छापा पडलाच आणि दुभाषा म्हणून तोच मुकादम उभा राहिला, तर जबाब वाया. कागदपत्रं नसलेला परदेशी मजूर कोठडीत जातो, कर्ज मात्र घरच्यांच्या डोक्यावर तसंच. पोस्टरांचा पैसा कामगार निरीक्षकांवर खर्च करा.

वाटसरू:
घरकामाला डांबलेल्या बाईचं काय? अनेक देशांत निरीक्षकाला परवानगीशिवाय खासगी घरात शिरताच येत नाही. ती कधी एकटी बाहेर पडत नाही, विचारलं तरी उत्तर मालकीणच देते, हे फक्त शेजाऱ्याला दिसतं. त्याने मध्ये पडू नये, फोटो पसरवू नयेत. तारीख, वेळ, काय दिसलं ते लिहून मदतवाहिनीला कळवावं.

करडई:
नोंदीला माझी हरकत नाही. जिवाला धोका दिसला तर थेट पोलिसांना फोन, त्यातही दुमत नाही. पण एरवी त्या बाईला एकटं गाठून, तिच्या भाषेत, तिला काय हवंय ते आधी विचारायला हवं, आणि ते काम प्रशिक्षित माणसाचंच.