मदत हवी आहे: अमेरिकेतल्या जॉर्जियातले रानटी अझेलिया (फुलझुडपं) कुठे आणि कधी बघावेत?

मंडळी, नमस्कार. अटलांटा परिसरात राहणाऱ्यांना विचारतेय. इथे बंगल्यांसमोर एप्रिलमध्ये गुलाबी-पांढरे होणारे गोलमटोल अझेलिया मूळचे आशियातले, सदाहरित. मला बघायचेत ते इथल्या जंगलातले, पानझडी.

परवा चॅटाहूची नदीकाठच्या पायवाटेवर एक झुडूप दिसलं. उंची डोक्याच्या वर, पानं जेमतेम फुटलेली, फिकट गुलाबी फुलांचे झुबके. पाकळ्यांच्या बाहेर लांबवर आलेले पाच पुंकेसर आणि मंद गोड वास. फुलाची नळी बोटाला किंचित चिकट लागली. त्यावरून हा पीडमाँट अझेलिया, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन कॅनेसेन्स, असा माझा अंदाज. जाणकारांनी फोटो बघून सांगा ना, बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे, मे-जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येताहेत. त्यांना केशरी फ्लेम अझेलिया दाखवायचाय. स्मोकी पर्वतातलं ग्रेगरी बाल्ड हे गवताळ शिखर त्यासाठी प्रसिद्ध आहे, बहर जूनच्या उत्तरार्धात. पण जाऊन-येऊन 11 मैलांच्या वर चढउतार, आईच्या गुडघ्यांना ते झेपणं शक्यच नाही. (बाबा ‘सिंहगड चढतो मी’ म्हणतील, त्यांचं सोडा.) उत्तर जॉर्जियात किंवा ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर गाडीतून उतरून चार पावलांत दिसेल अशी जागा कुणी पाहिली आहे का? कोणत्या आठवड्यात गेला होतात तेही सांगा, कारण उंचीनुसार बहर पुढेमागे होतो.

आणि हो, रोपं कुठे विकत मिळतात? जंगलातून उपटून आणायची नाहीयेत.