तारीख उलटली असेल तर

ताई, सुनेची बाळंतपणाची तारीख उलटून आठवडा झाला, तरी घरचे 'वेळ आली की होईल' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मला हे थांबणं पटत नाही. ४० आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, दोन-चार दिवस मागेपुढे होणारच. पण ४१ पूर्ण झाले की कळा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पुढे वारेची, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाची, ताकद कमी होत जाते, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, बाळ पोटातच शी करू शकतं.

आमच्या धाकटीचं ऐन मे महिन्यात नागपूरला धंतोलीत असंच झालं. रात्री कळा सुरू व्हायला औषधाचं जेल ठेवलं, सकाळी सलाईनमधून औषध, तरी दिवस मावळेपर्यंत कळा. पहिलटकरणीला वेळ लागतोच. तिला खरा आधार झाला तो कुणीतरी कमरेखाली मूठ दाबून धरण्याचा. मुलगी झाली! नखं बोटांच्या पुढे आलेली, तळव्यांची सालपटं निघालेली. उशिरा आलेल्या बाळांचं असं असतं. ती सालपटं ओढून काढू नका, आपोआप जातात.

आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता, भर दुपार असो की मध्यरात्र, सुनेला लगेच दवाखान्यात न्या.