जॅक बॅरीला सगळं माहीत होतं का?

रात्रपाळी:
काल झोप येत नव्हती म्हणून अमेरिकेतल्या १९५० च्या दशकातल्या क्विझ शो घोटाळ्याबद्दल वाचत बसलो आणि कधी दोन वाजले कळलंच नाही. जिथे बघावं तिथे चार्ल्स व्हॅन डोरेन आणि हर्ब स्टेम्पेल, म्हणजे 'ट्वेंटी-वन' या टीव्हीवरच्या क्विझचे ते दोन स्पर्धक. पण जो माणूस दर आठवड्याला सूट घालून समोर उभा राहून प्रश्न विचारत होता, तो जॅक बॅरी, त्याच्याबद्दल कुठे फारसं काही नाही. स्पर्धकांना उत्तरं आधीच सांगितलेली असतात हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, का बिचारा नुसता हातातली कार्डं वाचत होता? आणि एवढं होऊन तो परत टीव्हीवर कसा काय आला, हे तर माझ्या डोक्यावरूनच गेलं.

खुर्चीतला_प्रेक्षक:
बिचारा बिचारा काही नाही हो. शो त्याच्याच कंपनीचा होता, 'बॅरी अँड एनराइट'. डॅन एनराइट पडद्यामागे आणि हा पडद्यावर, रेडिओपासूनची जोडी. सुरुवात बघा, सप्टेंबर १९५६ मधला पहिला एपिसोड एकदम प्रामाणिक झाला आणि सपशेल आपटला, कारण स्पर्धकांना उत्तरंच येईनात. जेरिटॉल हे टॉनिक बनवणारे स्पॉन्सर होते, ते असे भडकले की परत असलं काही दिसता कामा नये म्हणाले. तिथून सगळं ठरवून सुरू झालं. प्रश्न कुठले येणार, कुठे अडखळायचं, किती गुणांवर बरोबरी करायची, सगळं. स्पर्धकांच्या काचेच्या बूथमधला एसी बंद ठेवायचे म्हणजे माणूस छान घामाघूम दिसला पाहिजे, आणि घाम पुसायचा नाही, रुमालाने नुसता टिपायचा, नाहीतर मेकअप फिसकटतो! स्टेम्पेलला तर मुद्दाम गबाळा सूट घालायला लावलेला. हे सगळं आपल्याच कंपनीत चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही असं होतं का कधी?

अर्धवटराव७:
थोडं थांबा, सगळं एकाच खात्यावर नका टाकू. स्पर्धकांना शिकवायचं काम एनराइट आणि निर्माता अल्बर्ट फ्रीडमन करायचे. १९५५ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला, या प्रश्नाला चुकायला स्टेम्पेलला एनराइटनेच सांगितलं. उत्तर होतं 'मार्टी', आणि स्टेम्पेलने तो सिनेमा तीनदा बघितलेला, म्हणजे विचार करा त्याला काय वाटलं असेल. त्याने आधीच्या वर्षीचा विजेता सांगितला आणि हरला.
पण बॅरीला मी माफ करत नाहीये. १९५८ मध्ये स्टेम्पेल पेपरवाल्यांकडे गेला तेव्हा हाच कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रेक्षकांना सांगत होता की आरोप खोटे आहेत. माझ्या मते खरा गुन्हा तो. बाकी पैसे, प्रश्न हे सगळं धंद्याच्या भानगडीत गेलं असतं (तेव्हा क्विझमध्ये फिक्सिंग करणं कायद्याने गुन्हाच नव्हता, कायदा १९६० ला आला, लोक अडकले ते शपथेवर खोटं बोलल्यामुळे), पण लोकांच्या डोळ्यात बघून खोटं बोलायला तो चेहरा लागतोच ना.

रात्रपाळी:
हे पटलं. मग परत कसा आला?

खुर्चीतला_प्रेक्षक:
जवळजवळ दहा वर्षं त्याला नॅशनल टीव्हीवर कोणी उभं केलं नाही. मग त्याने एक डोकं लावलं, कॅलिफोर्नियात रेडोंडो बीचला एक रेडिओ स्टेशन घेतलं. रेडिओचं लायसन्स सरकार देतं ना, म्हणजे ते मिळालं की टीव्ही नेटवर्कवाल्यांना सांगता येतं, बघा, सरकारची माझ्यावर हरकत नाही. १९६९ ला एका शोचा आधीचा होस्ट काढून याला घेतलं, आणि १९७२ ला सीबीएस या नेटवर्कवर त्याचा स्वतःचा 'द जोकर्स वाइल्ड' सुरू झाला. स्लॉट मशीनसारखा दांडा ओढायचा की विषय फिरायचे. पुढे एनराइटलाही परत सोबत घेतला! मे १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करून आल्यावर हार्ट अटॅकने गेला, ६६ वर्षांचा होता, तेव्हाही शो चालू होता.

अर्धवटराव७:
अजून एक, घोटाळ्याच्या आधी हाच माणूस 'विंकी डिंक अँड यू' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम करायचा. टीव्हीच्या काचेवर एक पारदर्शक शीट चिकटवायची आणि विंकी डिंक या कार्टूनमधल्या पोराला नदी ओलांडायची असली की मुलांनी मेणाच्या खडूने त्या शीटवर पूल काढायचा. शीट विकत मिळायची. ज्यांच्याकडे नव्हती ती पोरं सरळ काचेवरच गिरगटायची आणि आईबाप बोंबलायचे.

रात्रपाळी:
काय सांगता! म्हणजे आज रात्री पण झोप नाही.