प्युरिफायर आहे, मग सीओटू मीटर कशाला?
काही जण विचारतात की क्लासमध्ये हवा गाळणारा प्युरिफायर आहे, मग सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर कशाला. अहो, दोघांचं काम वेगळं. मीटर व्हायरस मोजत नाही, लोकांनी सोडलेला श्वास (ज्यातून व्हायरस पसरतात) खोलीत किती साचलाय ते सांगतो. बाहेरच्या हवेत सीओटू साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, पण पोरांनी भरलेल्या खोलीत खिडक्या लावून स्प्लिट एसी चालू केला की आकडा बघता बघता दीड-दोन हजारावर जातो, कारण तो एसी आतलीच हवा फिरवत बसतो (बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं). समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं उघडल्या तरी फरक पडतो. हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) असलेल्या प्युरिफायरने सीओटू उतरत नाही पण विषाणूवाले बारीक कण अडकतात, त्यामुळे आकडा चढाच राहिला म्हणून तो बंद नका करू. आणि मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट सीओटू मोजणाऱ्या) सेन्सरवालाच घ्या, स्वस्तातले काही तर परफ्यूम मारला तरी उड्या मारतात.