अपघातात लोक का थांबत नाहीत

रस्त्यावर अपघात झाला की लोक मदतीला थांबत नाहीत, यावर कुणीतरी लिहिलंय, 'माणुसकीच उरली नाही, सगळे नुसतं शूटिंग करतात.' मला नाही पटत. २६ जुलै २००५ च्या पुरात याच मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, जेवू घातलं. तिथे पोलीस-कोर्टाचं लचांड मागे लागायची भीती नव्हती. रस्त्यावरच्या अपघातात ती असते.

खरं तर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करताना काही कमी-जास्त झालं, तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पुढे आलेल्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. लायसन्सच्या परीक्षेत यावर प्रश्न हवाच!

दुसरं कारण गर्दी. पन्नास जण उभे असले की प्रत्येकाला वाटतं, फोन कुणीतरी केलाच असेल. म्हणून 'अरे, कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा' असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून सांगा, 'ओ निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा.' नेमून दिलं की माणसं हलतात. आणि जखमी बाइकवाल्याचं हेल्मेट कृपा करून ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते.