प्लायवर कागदाचा लगदा, जुनी साडी आणि ॲक्रिलिक: क्रम आणि प्रमाण काय ठेवावं?

मृण्मयी_क
२ × ३ फुटांच्या पॅनेलवर मिश्र माध्यमातलं काम करायचं आहे. मध्यभागी कागदाच्या लगद्याचा उठाव, त्याभोवती जुन्या सुती साडीचे तुकडे, वरून ॲक्रिलिक. ६ मिमी प्लायवर केलेल्या नमुन्यात तीन अडचणी दिसतात: वाळल्यावर फळीच्या कडा पुढे येतात, लगद्याला भेगा जातात आणि साडीच्या लाल काठाचा रंग पांढऱ्या भागात उतरतो. लगदा वर्तमानपत्र, फेविकॉल आणि पीओपीचा आहे. काम टांगायचं असल्याने वजन फार नको.

उठावकाम
आधी पीओपी काढून टाका. तो दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतो आणि नंतर जागचा हलत नाही. कागद मात्र पुढे कित्येक दिवस पाणी सोडत आकसत राहतो. दोघांची ही ओढाताण भेगांच्या रूपात दिसते. त्याऐवजी व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पूड) घ्या.

सुका कागद १०० ग्रॅम, बारीक फाडून रात्रभर गरम पाण्यात. सकाळी मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडा थोडा फिरवा, नाहीतर मोटर तापते. मलमलच्या फडक्यातून पिळा, पण अगदी कोरडा करू नका. त्यात फेविकॉल १०० ग्रॅम, व्हायटिंग १५० ग्रॅम, चमचाभर जवसाचं तेल आणि लवंगेच्या तेलाचे पाच-सहा थेंब (बुरशीसाठी). छान मळा. गोळा मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको आणि चपटा केला की कडेला चिरायला नको. चिरला तर फेविकॉल वाढवा, पाणी नाही.

एका वेळी ५ मिमीपेक्षा जाड थर लावू नका. उठाव जास्त हवा असेल तर आत थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचा गाभा चिकटवा आणि वर लगद्याची फक्त साल द्या. वजनही वाचतं. पहिला थर पूर्ण वाळल्यावर त्यावर पातळ फेविकॉलचा (१ भाग, पाणी २ भाग) हात मारून मगच दुसरा. वाळवणं सावलीत, पंख्याखाली. उन्हात वरचा पापुद्रा आधी कडक होतो, आतलं ओलं नंतर आकसतं आणि वरचं फाटतं.

फळी वाकते कारण ओला थर एकाच बाजूला आहे. १२ मिमी प्लाय घेतलात तर या मापाची नुसती फळीच ४ किलोच्या आसपास जाईल. म्हणून ६ मिमीच ठेवा, पण मागून पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि मध्ये एक आडवी पट्टी स्क्रू-फेविकॉलने बसवा. पुढची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, दोन्ही बाजू आणि कडा पातळ फेविकॉलने बंद करा. पुढे लगदा लावाल त्याच दिवशी मागे चौकटीच्या आतल्या भागात खाकी कागद चिकटवा, म्हणजे मागूनही तेवढीच ओढ बसते.

काठपदर
कापडाबद्दल. काठाचा तुकडा ओला करून दोन पांढऱ्या फडक्यांमध्ये ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. डाग उमटला तर तो रंग कच्चा आहे. मीठ-व्हिनेगरने असा रंग पक्का होत नाही, हा सल्ला सगळीकडे फिरतो म्हणून मुद्दाम सांगते. पाणी स्वच्छ येईपर्यंत गरम पाण्यात धुवा. तरीही उतरत असेल तर सुकलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचे दोन पातळ हात द्या. ते स्पिरिटमधलं असल्याने ॲक्रिलिकचं पाणी रंगापर्यंत पोचत नाही. काही रंग स्पिरिटमध्येही विरघळतात, त्यामुळे आधी कोपऱ्यावर पाहा. कापड थोडं ताठ होतं.

क्रम असा: लगदा, तो पूर्ण वाळल्यावर गेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर), मग कापड, शेवटी रंग. लगद्याची कड शून्यापर्यंत पातळ करत आणा आणि कापड त्यावर अर्धा इंच चढवा, सांधा झाकला जातो. गोंद फळीला लावा, कापडाला नाही. कापड किंचित दमट ठेवून मधून बाहेर दाबत जा.

खळखांड
कापडासाठी फेविकॉलपेक्षा चिंचोक्याची खळ जास्त शोभते. फेविकॉल वर आला की प्लास्टिकसारखी चमक राहते, सुती कापडाचा पोत मरतो. चिंचोक्याचं पीठ १ भाग, पाणी १० भाग. आधी गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. गाळून वापरा.

काठपदर
पोताबद्दल पूर्ण सहमत, पण खळीला कसर आणि झुरळं लागतात. पुस्तकं बांधणारे बाइंडर त्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि पांढऱ्या कापडावर निळसर झाक येते. कोकणासारख्या दमट हवेत काम टांगायचं असेल तर फेविकॉलमध्ये अर्धं पाणी घालून पातळ हातानेच लावावं.

मृण्मयी_क
काही भागात कोरा कागद उघडा ठेवायचा विचार आहे. वर्तमानपत्र चालेल? आणि गेसो घरी होतो का?

उठावकाम
वर्तमानपत्र लगद्यात, गेसोखाली चालतं. उघडं नको: त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) ते उजेडात पिवळं आणि ठिसूळ होतं. तिथे सुती चिंध्यांचा हातकागद लावा. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून असा कागद बनवते.

गेसोसाठी फेविकॉल १, पाणी १, व्हायटिंग दीड भाग, फडक्यातून गाळून. तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मध्ये २२० नंबरचा पेपर. जाड एका हातात दिला तर केसांसारख्या भेगा येतात. हातकागदावर गेसो लावू नका, आणि वॉर्निश फक्त रंगवलेल्या भागावर, मॅट.