सेटिंग आपोआप बदलणारं ॲप: अजून फीचर मागायचे की आहे तेच धड चालवा म्हणायचं?

चोपड्याचा पिंट्या
मंडळी, दोन वर्षं झाली फोनची सेटिंग आपोआप बदलणारं एक ॲप वापरतोय, ऑफिसात शिरलो की व्हायब्रेट, घरी आलो की वायफाय चालू, रात्री 10 नंतर सगळं गप. बनवणाऱ्याने आता विचारलंय की पुढच्या व्हर्जनमध्ये काय पाहिजे ते कळवा. माझी यादी तयार आहे. सगळ्यात वर म्हणजे जीपीएस न लावता मोबाईल टॉवरवरून जागा ओळखणं, जुनं लामा नावाचं ॲप हे मस्त करायचं, बॅटरी फारशी खायचंच नाही कारण फोन टॉवरला तसाही धरूनच असतो. मग फिरतं वेळापत्रक. आमच्या शेतात थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आबांच्या फोनवर पण मीच ते ॲप टाकून दिलंय त्यामुळे रात्री फोन गप, आणि नेमका तेव्हाच मोटरच्या मोबाईल स्टार्टरचा कॉल येतो की लाईट आली. सकाळी बघतात तर मिस कॉल, ठिबकच्या नळ्या कोरड्या आणि केळीपेक्षा आबाच जास्त तापलेले. म्हणून आपली पाळी असेल त्या रात्री आवाज चालू, बाकी रात्री बंद. आणि हो, नवीन फोन घेतल्यापासून वायफायचं काम बंद पडलंय ते पण परत पाहिजे. अजून काय टाकू?

भुसावळ जंक्शन
काहीच टाकू नको भो. जो येतो तो एक फीचर मागतो आणि मग चांगल्या ॲपचं वांग्याचं भरीत होतं. मी असलंच एक ॲप काढून टाकलं, उघडलं की पन्नास पर्याय, आणि साधं रात्रीचं गप करायचं म्हटलं तर चार पडद्यांच्या आत लपलेलं. आबांसाठी तर ॲपच नको. अँड्रॉइडच्या स्वतःच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये तारा (स्टारचं चिन्ह) लावलेल्या नंबरला सूट देता येते. स्टार्टरच्या सिमचा नंबर सेव्ह कर, तारा लाव, विषय संपला. तारा नसला तरी तोच नंबर 15 मिनिटांत दुसऱ्यांदा वाजला तर त्याला पण सोडायची सोय आहे.

चोपड्याचा पिंट्या
आमचा स्टार्टर एकदाच वाजतो आणि कट करतो, दुसऱ्यांदा करायची अक्कल त्याला नाही. तारा लावतो म्हणा. पण मग ज्या दिवशी लाईट दिवसाची त्या रात्री पण कुठे दोन मिनिटं फेज आला की उठवणार ना तो आबांना?

भुसावळ जंक्शन
मग उठू दे ना एखाद्या रात्री. आमच्या घरात रेल्वेचा रनिंग स्टाफ, ड्युटीचा कॉल कधीही येतो, रात्री 2 ला पण आणि दुपारी जेवताना पण. त्याला कुठलं वेळापत्रक लावशील? ड्युटीवर फोन बंदच ठेवावा लागतो, प्रश्न घरी झोपायचा आहे. तिथे एकच बटण लागतं, आत्तापासून 6 तास गप आणि लॉबीचा, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या ऑफिसचा, नंबर तेवढा सोडा. तेही फोनमध्ये आहेच.

रूटवाला धुळेकर
दोघंही चुकीच्या दारात उभे आहात. पिंट्या, वायफाय बनवणाऱ्याने बंद केलेलं नाही, गुगलने केलंय. अँड्रॉइड 4.2 आलं 2012 मध्ये, तेव्हा साध्या ॲपच्या हातून एअरप्लेन मोड गेला. 2014 ला 5.0 आलं आणि मोबाईल डेटा गेला. 2019 ला 10 आलं, त्यासाठी बनवलेल्या ॲपला वायफाय चालू बंद करता येईना. कारण उघड आहे, कुठलंही फालतू ॲप मागच्या मागे डेटा चालू करायचं. म्हणजे तू मागतोयस ते त्या बिचाऱ्याच्या हातातच नाही. टास्कर वगैरे अशाच ॲपमधून अजून होतं पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी कॉम्प्युटरला केबल लावून एडीबी नावाच्या डेव्हलपरच्या साधनाने परवानगी द्यावी लागते, नाहीतर अँड्रॉइड 11 पासूनचं वायरलेस डिबगिंग. सांगशील आबांना डेव्हलपर ऑप्शन चालू करायला? आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे फोन कंपनीच बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारं ॲप मारून टाकते. माझ्या आधीच्या फोनवर, कंपनीचं नाव घेत नाही, रात्रीचा नियम चालू व्हायचा पण सकाळी बंद व्हायला ॲप जिवंतच नसायचं, दहा वाजेपर्यंत फोन मुका. मला एकच फीचर पाहिजे, आपला नियम का चालला नाही हे साध्या मराठीत सांगणारी नोंद. नवीन काही नको.

शिरपूरच्या मॅडम
तुमचं सगळं खरं असेल पण नवीन काहीच नको कसं? मला एक गोष्ट नवीनच पाहिजे आणि त्यात गुगलचा काही संबंध नाही. नियम संपला की फोन आधी जसा होता तसा झाला पाहिजे. माझा नियम आहे सकाळी 7 ते दुपारी 12 शाळा म्हणून सायलेंट, 12 ला फुल आवाज. मागच्या महिन्यात रजा टाकून एका गंधमुक्तीला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, गेले होते, तिथे बसायच्या आधी मी स्वतः आठवणीने परत सायलेंट बघून घेतला, महाराजांचं कीर्तन रंगात आलेलं आणि 12 वाजून पाच मिनिटांनी माझा फोन डीजेच्या गाण्यासकट. अख्खा मंडप वळून बघत होता, सासूबाई अजून सुनावतात. हाताने गप केलेला फोन ॲपने बोलता करायचाच नाही, एवढं साधं बनवणाऱ्याला सुचत नाही आणि तुम्ही टॉवर घेऊन बसलात.

भुसावळ जंक्शन
मॅडम, पण त्याला कसं कळणार की तो सायलेंट तुम्ही केलेला आहे की त्याने?

शिरपूरच्या मॅडम
त्याने केला तेव्हा लिहून ठेवावं ना दादा. नंतर मी हात लावला तर माझं ऐकायचं. शाळेत पहिलीच्या पोराला पण कळतं.

रूटवाला धुळेकर
आवाज 7 लाच सायलेंट होता आणि तुम्ही परत सायलेंटच केला तर बदल झालाच नाही, म्हणजे ॲपला तुमचा हात दिसलाच नाही. तुमच्या केसमध्ये तेच झालंय. पण मुद्दा मान्य, संपताना फुल आवाज करण्यापेक्षा एकदा विचारून घ्यावं.

नवापूरकर
टॉवरवाल्या मागणीला माझा कडक विरोध. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, फोनला कुठला टॉवर गोड लागेल नेम नाही. मी हा प्रयोग केलेला आहे. घरात बसल्या बसल्या खिडकीकडे गेलो की फोन म्हणतो तुम्ही बाहेर गेलात, आत आलो की घरी आलात, व्हायब्रेट रिंग व्हायब्रेट रिंग, बायकोला वाटलं फोन बिघडला. आणि एका टॉवरचा नंबर एक नसतो, प्रत्येक दिशेचा वेगळा, 4जी चा वेगळा, 5जी चा वेगळा. त्यात आता टॉवरचा नंबर वाचायला पण लोकेशन चालू ठेवावं लागतं, मग लामाच्या काळची मजा राहिली कुठे?

चोपड्याचा पिंट्या
लामात जागा शिकवायची सोय होती दादा, तासभर घरात फिरा आणि जे जे टॉवर दिसतील ते सगळे घर धरा. वर पाच मिनिटं थांबून मगच नियम बदल असं ठेवलं की खिडकीचा खेळ बंद. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला तसेही दोनच टॉवर दिसतात, त्यातला एक लाईट गेली की झोपतो.

साक्रीचा भाऊ
आमना गावमा टावर शे पन रेंज नही, आमनी मागणी कोनकडे देऊ? 😄 चेष्टा सोडा. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. जितके फीचर तितक्या परवानग्या. लोकेशन द्या, एसएमएस वाचू द्या, ॲक्सेसिबिलिटी द्या. ॲक्सेसिबिलिटी दिली म्हणजे ते ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटण दाबू शकतं, फसवणूकवाले तीच परवानगी मागतात. गुगलने 2019 मध्ये प्ले स्टोअरवर एसएमएस आणि कॉलच्या नोंदी वाचण्यावर कडक बंधनं घातली ती उगाच नाही. आबांच्या फोनवर बँकेचं ॲप असेल तर हे सगळं देऊ नको.

चोपड्याचा पिंट्या
हे मात्र पटलं. आबांच्या फोनमधून ॲप काढलं, जंक्शनभाऊ म्हणतात तसा तारा लावला. यादीत आता मॅडमचं विचारून आवाज वाढवणं, धुळेकरांची नोंद, आणि टॉवर माझ्या हट्टापायी. वायफाय खोडलं.

चोपड्याचा पिंट्या
तीन दिवसांनी कळवतोय. पहिल्या दोन रात्री फोन वाजलाच नाही. आबांनी मला झापलं, मी मनातल्या मनात जंक्शनभाऊंना शिव्या घातल्या. आज मळ्यात जाऊन पेटी उघडली तर स्टार्टरच्या सिमचं रिचार्ज संपलेलं, त्याला कॉल करताच येत नव्हता.

भुसावळ जंक्शन
आता रिचार्जची आठवण द्यायचं फीचर पण यादीत टाकशील तू.

चोपड्याचा पिंट्या
टाकलं.